जनुक तपासणी दिवस राहण्याआधी व्हावी

संपादक महोदय,

माझ्या भाचीला कॉलेजात असल्यापासून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. गोळ्या बदलल्या, हिमोग्लोबिन काही वाढले नाही. तिच्या प्रत्येक सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची तपासणी) रिपोर्टात एमसीव्हीचा, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकाराचा, आकडा ७० च्या खाली, बराच कमी छापलेला होता. तो कुणी वाचलाच नाही. पहिलटकरीण असताना, चौथा महिना लागल्यावर, एका डॉक्टरांनी एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) तपासायला सांगितले. ती थॅलेसेमिया मायनर निघाली, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या या आनुवंशिक आजाराची वाहक. मग भाचेजावयांचे रक्त तपासले. तेही मायनर.

मायनर हा आजार नव्हे. पण नवरा-बायको दोघेही मायनर असले, तर प्रत्येक खेपेला बाळ मेजर असण्याची शक्यता २५ टक्के असते. मेजर म्हणजे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवणे आणि अंगात साठणारे लोह काढायची औषधे, बहुधा जन्मभर.

पोटातल्या बाळाची तपासणी होते. दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा कण काढून. मात्र जनुकातला नेमका कोणता बदल शोधायचा, हे आधी आईवडिलांच्या रक्तातून कळावे लागते. सिकलसेल या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा बदल ठरलेला आहे, हिमोग्लोबिन घडवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकाच्या लिपीतले एकच अक्षर. आमच्या घरातल्या बीटा थॅलेसेमियाचे त्याच जनुकातले असे बदल दोनशेहून अधिक आहेत. आपल्याकडची बहुतेक कुटुंबे त्यांतल्या पाच-सहांतच सापडतात (सिंधी समाजात ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला असणे नेहमीचे), तरी शोधायला दिवस लागतात. तेच आमच्या हातात नव्हते. शेवटी तपासणीसाठी थोडे गर्भजल काढावे लागले. रिपोर्ट आला तेव्हा विसावा आठवडा सरत होता. बाळ मायनर निघाले. पण तोवर भाची पोटावर हात ठेवायचे टाळत होती.

माझी कळकळीची विनंती आहे. गरोदर बाईच्या पहिल्याच सीबीसीत एमसीव्ही कमी दिसला, तर लोहाच्या गोळ्यांसोबत त्याच दिवशी एचबीए२ करा, आणि ती मायनर निघाली तर नवऱ्याला लगेच बोलवा. लग्नाआधी किंवा दिवस राहण्याआधी कळले, तर जनुकाची तपासणी तेव्हाच उरकून रिपोर्ट फाइलला लावून ठेवा. त्यासाठी कुणी मुंबई-पुण्याला जायला नको. जिल्हा रुग्णालयाने दोघांचे रक्त घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवले तरी पुरते.

भाचीच्या धाकट्या भावाचे लग्न ठरते आहे. तोही मायनर आहे. आम्ही मुलीकडच्यांना पहिल्या बैठकीतच सांगितले. त्यांनी मुलीचे रक्त तपासून घेतले.

– एक वाचक, नाशिक