शेवग्याच्या बिया, कोळंबीची टरफले आणि कचऱ्याचे काळे पाणी

महोदय,

शेवग्याच्या बियांनी कचराभूमीचे पाणी शुद्ध होते, असा एक संदेश सध्या आमच्याकडे मोबाइलवर फिरतो आहे. नगरपरिषदेनेही तो मनावर घेतल्याचे कानावर आले. मी जलशुद्धीकरण केंद्रात नोकरी केली आहे, म्हणून लिहितो.

नदीच्या गढूळ पाण्यात मुख्यतः माती असते. तुरटी टाकली की ती खाली बसते. कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात अमोनिया विरघळलेला असतो. तो तुरटीने जात नाही आणि शेवग्यानेही नाही. त्याला जैविक प्रक्रियेसारखा वेगळा उपाय लागतो. उलट बियांची पूड जास्त पडली तर तीच पाण्यात कुजून भर घालते. 2016 च्या घनकचरा नियमांनी असे पाणी नदीनाल्यात सोडताना अमोनियाकल नायट्रोजनला (अमोनियाच्या रूपातल्या नायट्रोजनला) लिटरमागे 50 मिलिग्रॅमची मर्यादा घातली होती, हे संदेश पुढे ढकलणाऱ्यांना कोणी सांगावे!

तरीही हा उपाय टाकाऊ नाही. शेवग्याची पूड, चिंचोक्याचे पीठ किंवा कायटोसान तुरटीच्या जोडीला थोडेसे दिले, तर बारीक गुठळ्या एकमेकींना धरून मोठ्या होतात आणि लवकर बसतात. काळपटपणा उतरतो, तुरटीही कमी लागू शकते. कायटोसान तर कोळंबीच्या टरफलांतून निघते, आणि ती आपल्या बंदरांवर सडत पडलेली असतात. मात्र ते काढायला आम्ल आणि कॉस्टिक सोडा लागतो. तेव्हा गल्लोगल्ली कारखाने नकोत, नाहीतर त्यांचेच सांडपाणी खाडीतल्या तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) मुळावर येईल.

खरी अडचण पावसाची आहे. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आमचा कचरा सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, उघडा पडलेला आहे. जांभा पाणी धरत नाही. वरचे पाणी पायथ्याच्या विहिरींपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? एप्रिलमधले दाट पाणी आणि जुलैमधले पातळ पाणी यांना तुरटीची एकच मात्रा चालत नाही, हे जार टेस्ट (भांड्याभांड्यांत वेगवेगळी मात्रा टाकून पाहण्याची चाचणी) केलेला कोणीही सांगेल.

म्हणून आधी ढिगावर आच्छादन घाला आणि पावसाच्या पाण्यासाठी वेगळे गटार काढा. मग आपल्याच कचराभूमीचे पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नेऊन जवळच्या तंत्रनिकेतनात जार टेस्ट करून घ्या: नुसती तुरटी, तुरटी आणि शेवगा, तुरटी आणि कायटोसान. किती गाळ निघतो तेही मोजा, कारण तो गाळ टाकणार कुठे हे निविदेत लिहावे लागेल. आकडे हातात येईपर्यंत बियांची खरेदी थांबवावी.

— एक निवृत्त जलशुद्धीकरण कर्मचारी, रत्नागिरी जिल्हा