बुडालेल्या गावांचं रोजचं जगणं कोण लिहिणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कुन्हा बेटावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. सगळा भर ज्वालामुखीवर. १९६१ मध्ये वस्तीलगत जमीन फाटली, अडीचशेहून जास्त माणसं इंग्लंडला हलवली आणि १९६३ मध्ये बहुतेक जण परत आले, हे खरंच. पण त्या बेटाची खरी गंमत बटाट्यात आहे. घरोघरचे बटाट्याचे वाफे दगडी भिंतींच्या आड, आणि पैसा नव्हता तेव्हा देणंघेणं बटाट्यावर. १९४६ मध्ये बेटासाठी टपाल तिकिटाचा नमुना काढला, त्यावर एक पेनीसोबत 'चार बटाटे' अशी किंमत होती! राजा नाही, लढाई नाही. तरी कोण काय पिकवत होतं आणि कशाने किंमत चुकवत होतं, हे जगाला ठाऊक आहे.

आता आमच्याकडचं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. आमचं जुनं गाव आता त्याच धरणाच्या पाण्यात आहे. एकीकडे नदी, दुसरीकडे नाला. श्रावणात दोन्ही फुगले की गावाचं बेटच व्हायचं. मग डोंगा, म्हणजे लाकडी होडी. ती चालवणारे ढिवर (मासेमार) भाऊ गावच्या माणसाकडून पैसे घेत नसत, धान निघाल्यावर घरटी पायलीने वसुली. रोख फक्त पाहुण्याकडून, आणि जावयाकडून घ्यायचे की नाही यावर वाद! उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगरवाडी, म्हणजे वेलफळांची वाडी लागे. पुराने रेती दरवर्षी सरकायची, त्यामुळे मागच्या सालची हद्द कामाची नाही. वाटणी दरसाल नव्याने. ती कोण करायचं, भांडण झालं तर कोणाचा शब्द चालायचा, हे सांगणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत.

भूसंपादनाच्या कागदात घर, विहीर, आंब्याचं झाड, सगळं मोजलेलं आहे, कारण त्याचा मोबदला द्यायचा होता. कोणत्या बांधीला (धानाच्या शेताला) काय म्हणत, याला मोबदला नव्हता म्हणून नोंद नाही. गावाची स्मरणिका निघते, पण तिच्यात पुढाऱ्यांचे फोटो आणि शुभसंदेश. ट्रिस्टनची माणसं परतली तेव्हा त्यांचे वाफे जागेवर होते, विसरलेलं तिथे उभं राहिलं की आठवत असेल. आम्हाला ती सोय नाही. पुनर्वसनाच्या सरळ रस्त्यांवर जन्मलेल्या पोरांना घाट दाखवायचा कुठे?

जिल्हा पानावर आठवड्यातून अर्धा रकाना बुडीत गावांना द्यावा, एवढीच विनंती. देवळं, जत्रा थोडं बाजूला ठेवून घाट, डोंगा, रेतीची वाटणी, धान घेऊन मासे देणाऱ्या ढिवर बायांचा हिशोब असं छापावं. दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, बाहेरगावची मंडळी येतात, तेव्हा सुरू केलं तर सांगणारे सापडतील. डोंग्याच्या वसुलीवरचा मजकूर मी पाठवतो. भाषा आमच्या झाडीपट्टीची बोलीच राहील, ती मात्र सुधारू नये.

आपला,
एक वाचक
ता. पवनी, जि. भंडारा