दहा रुपयांची पावती

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण घरी येऊन सांगितलं असतं तर "बास की आता, चहा घे" म्हणून तुम्ही विषयच मोडला असता.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आमच्या संस्थेचं दप्तर म्हणजे बुटाचा एक खोका होता. 2019 च्या पुरात पंचगंगेकाठच्या चिखली-आंबेवाडीच्या माणसांना भाकरी पोचवताना आम्ही दहा-बारा पोरंपोरी एकत्र आलो. 2021 ला पंचगंगेनं पुन्हा 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, तेव्हा वाटलं, आपण काय फक्त पुरालाच भेटायचं? म्हणून रीतसर नोंदणी केली. गावातल्या पोरांनी ग्रामसभेत मागं उभं न राहता पुढं बसावं, माहिती अधिकाराचा अर्ज स्वतः लिहावा, मतदार यादीत नाव घालावं, एवढंच डोक्यात होतं. काम पळालं आणि कागद मागं राहिले. नोकरीला पुण्याला गेलेल्या दोघांची नावं अजून विश्वस्त म्हणून शेड्युल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या आमच्या नोंदीच्या उताऱ्यावर, होती. असा बदल त्या कार्यालयाला 90 दिवसांत कळवायचा असतो, हे आम्हाला 3 वर्षांनी कळलं.

तुमच्या आधी मदतीला माणसं आली नाहीत असं नाही. एका हिशेबनिसानं पैसे आगाऊ घेऊन आमची फाईल आठ महिने दाबून ठेवली. एक साहेब बाहेरून आले, दोन दिवस पडद्यावर चित्रं दाखवून 'क्षमता बांधणी' केली आणि जेवणाचं बिल आमच्यावर टाकून गेले. एका पुढाऱ्याची अट साधी होती: फलकावर त्यांचा फोटो, आमच्या नावापेक्षा मोठा. त्यांचंही चुकलं म्हणत नाही, त्यांना आम्ही पोरंच दिसलो.

तुम्ही खोका बघून हसला नाहीत. सतरंजीवर मांडी घातलीत, चष्मा पुसलात आणि खिशातून दहाची नोट काढून माझ्यासमोर ठेवलीत. "देणगी. पावती फाड."

पावतीपुस्तक छापून वर्षभर पडून होतं. पैसे फोनवर यायचे, आम्ही 'थँक्यू दादा' लिहून मोकळे. तालमीच्या गणपतीची वर्गणी मागत वाढलेली पोरं आम्ही, पावतीपुस्तक दिसलं की लोक दार लावून घेतात एवढंच ठाऊक. देणाऱ्यानं आपणहून पावती मागितलेली त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. माझा हात थरथरत होता. 'अक्षरी रुपये' पुढं मी 'दहा' लिहिलं, तर तुम्ही म्हणालात, "'फक्त' लिही, नाहीतर पुढं कोणीबी काहीबी घालंल." मग ती पावती घडी करून सदऱ्याच्या खिशात अशी ठेवलीत, जशी बँकेची ठेव पावती असावी.

काका, त्या घडीला आम्ही संस्था झालो. नोंदणीच्या दाखल्यानं झालो नव्हतो.

पुढं तुम्ही दर रविवारी आलात, शिस्त लावलीत, ओरडलात. ते सगळं इथं सांगत बसत नाही. पण कॉलेजच्या फाटकाशी आम्ही मतदार नाव नोंदणीचं टेबल टाकलं, त्या दिवशीचं राहवत नाही. एक पोरगा "एका मतानं काय होतंय" म्हणाला. तुम्ही भाषण केलं नाहीत. "माझं पहिलं मत 1977 ला, एकवीस पुरी झाल्यावर. तुम्हाला 1989 पासून अठरा पुरी झाली की मिळतंय. तीन वर्षं फुकट मिळाल्यात, घे की," म्हणालात आणि नमुना 6 चा अर्ज त्याच्यापुढं सरकवलात. नाव घालायला आता 1 जानेवारीचीच वाट बघावी लागत नाही, वर्षात चार तारखा आहेत, हेही तिथंच सांगितलंत. त्यानं अर्ज भरला. आता तो आमच्यातच आहे, आणि तुमच्यासारखाच किरकिऱ्या झालाय.

आपल्या कोल्हापुरात मदतीला धावणाऱ्यांची वाण नाही, पुरात ते सगळ्यांनी बघितलंय. पण पाणी ओसरल्यावर, फोटो काढणारं कुणी नसताना, दुसऱ्याच्या पोरांची बिलं तारखेवार लावत बसणारा माणूस विरळा. तुम्ही मानधन घेतलं नाहीत. सत्काराचा नारळसुद्धा "कुणाच्या पैशानं आणला? खर्ची टाकला का?" विचारून परत केलात.

तर काका, पहिलं पावतीपुस्तक संपलं. एक नंबरच्या स्थळप्रतीवर तुमचं नाव आणि माझं वेडंवाकडं 'दहा फक्त' आहे. दुसऱ्या पुस्तकाची पहिली पावतीही तुमच्याच नावानं फाडायचीय. पण पावती क्रमानंच फाडायची असते, तुम्हीच शिकवलंत, त्यामुळं तोवर कुणाकडून पैसे घेता येईनात. रविवारी या. सुट्टे आणा.

आपली,
खोकेवाली पोरगी