नुसती टक्केवारी छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘निम्म्याहून अधिक पुणेकरांचे मत अमुक’ अशा मथळ्याच्या बातम्या अलीकडे आपल्या अंकात वरचेवर वाचायला मिळतात. विषय कधी मेट्रोचा असतो, कधी पाण्याचा, कधी हेल्मेटचा. टक्केवारी ठळक अक्षरांत असते. मात्र किती लोकांना विचारले, ते कसे निवडले आणि आलेला आकडा किती मागेपुढे धरावा, याचा पत्ता बहुधा शेवटच्या ओळीतही नसतो. आयुष्यभर महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवल्यामुळे ही उणीव मला खटकते, आणि ती भरून काढायला बातमीत दोन ओळी पुरतात, म्हणून हे पत्र.

समजा, ४०० पुणेकरांना विचारले आणि २१६ जणांनी, म्हणजे ५४ टक्क्यांनी, होकार दिला. आता ०.५४ ला उरलेल्या ०.४६ ने गुणायचे, गुणाकाराला ४०० ने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. उत्तर सुमारे ०.०२५ येते, हिला प्रमाण त्रुटी म्हणतात. तिची १.९६ पट केली की ४.९ टक्के होतात. तेवढे ५४ मधून वजा करून आणि ५४ मध्ये मिळवून ४९.१ ते ५८.९ असा जो पल्ला मिळतो, ते ९५ टक्क्यांचे विश्वास अंतराल; वर्गात आम्ही सगळे त्याला कॉन्फिडन्स इंटरव्हलच म्हणत असू. त्याचे खालचे टोक पन्नाशीच्या आत आहे. त्यामुळे ‘निम्म्याहून अधिक’ हा मथळा या पाहणीच्या जोरावर देता येत नाही. १६०० जणांना विचारून तेच ५४ टक्के आले असते, तर अंतराल ५१.६ ते ५६.४ झाले असते आणि मथळा टिकला असता. माणसे चौपट केली तेव्हा कुठे चूक निम्मी झाली; चांगली पाहणी महाग का पडते, ते यावरून कळावे.

यावर ‘एवढ्या मोठ्या शहरात ४०० माणसे म्हणजे काय!’ असा आक्षेप हमखास येतो. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या ३१ लाखांहून अधिक होती, हे खरे. पण वरच्या गणितात लोकसंख्या कुठेच आलेली नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, ती पातेले केवढे आहे यावर अवलंबून नसते. मात्र शीत कुठून उचलले यावर ती नक्कीच अवलंबून असते, आणि बहुतेक पाहण्या तिथेच फसतात.

दिवाळीच्या सुट्टीत नातीला हे दाखवावे म्हणून मी पत्र्याच्या डब्यात ४०० दाणे राजमा आणि ६०० दाणे चवळी मोजून घातली, डबा खळखळून हलवला आणि तिला वरून ५० दाणे घ्यायला सांगितले. राजमा निघाला ३४ दाणे. पुन्हा केले, तरी तीच गत. ‘आजोबा, तुम्ही मोजायलाच चुकलात,’ असे तिने जाहीर केले. चूक मोजण्यात नव्हती. डबा हलवला की मोठे दाणे वर येतात. मग सगळे परातीत ओतले, हाताने कालवले आणि डोळे मिटून वेचायचे ठरवले. दाणे दर वेळी परत टाकून २० वेळा हा खेळ केला आणि प्रत्येक वेळी अंतराल काढले. त्यातल्या १८ अंतरालांत खरे ४० टक्के सापडले. दोन हुकली, एकदा तर राजम्याचे १३ दाणेच आले आणि अंतराल १३.८ ते ३८.२ निघाले. ‘९५ टक्के विश्वास’ याचा अर्थ एवढाच, की ही रीत पुन्हा पुन्हा वापरली तर शंभरातल्या साधारण ९५ वेळा खरा आकडा अंतरालात असतो. हाती आलेले एखादे अंतराल हुकलेल्यांपैकी आहे की नाही, हे ते पाहून सांगता येत नाही.

डबा हलवून वरून उचललेल्या दाण्यांवर मात्र हे सूत्र काहीच उपाय करीत नाही. अमेरिकेत १९३६ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी घेतलेल्या पाहणीत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक मतपत्रिका परत आल्या होत्या. सूत्राने त्रुटी काढली तर ती एक दशांश टक्काही भरत नाही. साप्ताहिकाने लँडन यांचा विजय वर्तवला आणि ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. नावे टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेली होती, शिवाय उत्तरे पाठवली ती ज्यांना हौस होती त्यांनी. आपल्या संकेतस्थळावर ‘कौल द्या’ म्हणून जे बटण असते, त्याची जात हीच, हे नम्रपणे सांगावेसे वाटते.

नमुना लहान असेल तर सूत्रही दगा देते. दहापैकी दहा जण ‘हो’ म्हणाले, तर वरच्या रीतीने त्रुटी शून्य येते, म्हणजे सारे शहर एकमताचे ठरते! विल्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९२७ साली दिलेल्या रीतीने हेच अंतराल सुमारे ७२ ते १०० टक्के येते. संगणकावर तिलाही क्षणभरच लागतो.

फर्ग्युसनमध्ये शिकून लंडनला गेलेले आणि नमुना पाहणीच्या शास्त्रात जगभर नाव झालेले पां. वा. सुखात्मे उत्तरायुष्यात याच शहरात राहिले. त्या शहरातल्या वाचकाला चार गोष्टी मागण्याचा हक्क असावा: किती जणांना विचारले, ते कसे निवडले, कितींनी उत्तर नाकारले आणि अंतराल काय आले. पाहणी करणाऱ्यांनी ही माहिती दिली नाही, तर बातमी आतल्या पानावर, बिनआकड्यांच्या मथळ्याखाली छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
कोथरूड, पुणे