क्लच घसरला, हॉर्न मेला, म्हणून लगेच गाडी विकायची का?

संपादक साहेब, नमस्कार.

मी वाईत राहतो आणि नोकरीला पाचगणीला जातो, म्हणजे पसरणी घाट रोज दोनदा. गाडी २००४ ची स्प्लेंडर, वडिलांनी घेतलेली, टाकीवर अजून हिरो होंडा हे जोडनाव आहे. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत रिपासिंग केलं, पर्यावरण कर भरला, कागदाला गाडी एकदम ओके.

गेल्या पावसाळ्यात मात्र तिला दोन दुखणी एकदम लागली. घाटात अक्सलेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी पुढं सरकायचीच नाही, आणि दुसरं म्हणजे हॉर्न गेला, धुक्यात समोरून एसटी येतेय आणि आपला हॉर्न घसा बसल्यासारखा खर्र करतोय, जीव मुठीत धरून वळण घ्यायचं. एका गॅरेजात दाखवली तर काही न उघडताच उत्तर मिळालं, फुल क्लच सेट, बॅटरी, सगळं वायरिंग, सात हजार धरा, त्यापेक्षा गाडी देऊन टाका, मीच घेतो. गाडी जर एवढी बाद झालीय तर हा का घेतोय हे काही मला कळेना.

मग गावाकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी विचारलं, ऑईल कुठलं टाकलंय? आता इथं चूक माझीच. शेजाऱ्यांच्या कारचं उरलेलं ऑईल होतं, म्हटलं वाया कशाला घालवा, म्हणून तेच टाकलं होतं. पण आपल्या बाईकचा क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या बऱ्याच ऑईलमध्ये घर्षण कमी करणारं काहीतरी मिसळलेलं असतं, ते क्लचच्या प्लेटांना लागलं की पकड सुटते. बाईकच्या ऑईलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं असतं ते बघूनच घ्यायचं, हे मला वीस वर्षं गाडी चालवून माहीत नव्हतं. वर मी क्लच वायर पण ताणून ठेवली होती. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर ढिलाई पाहिजे, माझ्याकडं शून्य, म्हणजे गाडी चालताना क्लच कायम थोडा दाबलेलाच आणि प्लेटा घासतायत.

उजव्या बाजूचं कव्हर उघडलं तर प्लेटा काळ्या पडलेल्या, जळका वास. स्प्रिंगा नव्या स्प्रिंगांशेजारी उभ्या केल्या तर नजरेला कळावं एवढ्या बसलेल्या. पण प्लेटा ज्यात बसतात त्या बास्केटला त्यांचे घाव नव्हते, स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून बघितल्या तर सरळ, म्हणून ते सगळं जुनंच ठेवलं. बदलल्या त्या फक्त घर्षणाच्या प्लेटा, नव्या आधी ऑईलमध्ये भिजवल्या, पॅकिंग नवीन, ऑईल बाईकचं. सांगितलेल्या सात हजारांच्या निम्मे सुद्धा गेले नाहीत, त्यातच बॅटरी आली.

बॅटरीबाबत माझा गैरसमज असा की हेडलाईट लागतोय म्हणजे बॅटरी चांगली. या जुन्या मॉडेलचा हेडलाईट थेट इंजिनच्या कॉईलवर चालतो, किकवर गाडी सुरू व्हायला पण बॅटरी लागत नाही, म्हणून ती मेली तरी पत्ता लागत नाही, हॉर्न आणि इंडिकेटर तेवढे जातात. म्हणजे घाटात जे सगळ्यात जास्त लागतं तेच! मीटर लावला तर चावी ऑन करून १०.४ व्होल्ट, चांगल्या बॅटरीला गाडी बंद असताना साडेबाराच्या वर पाहिजे. नवीन बसवल्यावर गाडी रेस करून १४ च्या आसपास रीडिंग दाखवलं, म्हणजे चार्जिंग बरोबर आहे, वायरिंगला हात लावायची गरज नाही. काढताना आधी निगेटिव्ह आणि बसवताना ती शेवटी, नाहीतर पाना चेसीला टेकला की ठिणगी.

हे सगळं कळवायचं कारण म्हणजे गॅरेजवाल्यांनी जुना पार्ट नव्याशेजारी ठेवून गिऱ्हाईकाला दाखवावा आणि मीटरचं रीडिंग बिलावर लिहावं. दोन मिनिटांचं काम आहे, आपण पण ते मागितलं पाहिजे, मी आधी मागितलं नव्हतं. बॅटरी घेताना तयार झाल्याची तारीख बघा, बॅटरी नुसती फळीवर पडून पण उतरत जाते.

आणि एक तक्रार राहिलीच. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, गोळा करणाऱ्यांकडं वेगळी द्यायची. मी दुकानात घेऊन गेलो तर म्हणाले, एवढी छोटी आम्हाला नको, भंगारवाल्याला द्या. तो शिसं काढून घेणार आणि ॲसिड गटारात ओतणार, आणि आमच्याकडचं गटार शेवटी कृष्णेलाच मिळतं. तालुक्याला जुन्या बॅटऱ्या कुठं घेतात याचा पत्ता नगरपालिकेनं बोर्डावर लावावा आणि तुम्ही पेपरात छापावा, एवढी विनंती. तोवर ती जिन्याखाली आहे, फळीवर सरळ उभी ठेवलीय आणि पोरांना तिकडं जायला बंदी आहे.

आपला,
एक वाचक, वाई