हेराल्ड भंगारात देऊ नका

कॉव्हेंट्री,
ता. १८ मे

ती. नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल दादाचा फोन आला होता. पावसाआधी पडवी मोकळी करायची म्हणून भंगारवाला गाडी बघून गेला, किलोवर भाव सांगितलाय, असं तो म्हणाला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर मला नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. चिन्मयी हे मोठ्या अक्षरात छापून तुमच्या हातात देईल. शेवटपर्यंत वाचा, आणि तोवर त्या माणसाला हो म्हणू नका.

माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर कॅनली म्हणून भाग आहे. आता तिथे ऑफिसं, गोदामं आहेत. तिथल्या एका रस्त्याच्या पाटीवर ‘हेराल्ड अ‍ॅव्हेन्यू’ लिहिलंय. पहिल्यांदा वाचलं आणि मी जागीच उभी राहिले. आपल्या गाडीचं नाव! मग चौकशी केली. स्टँडर्ड-ट्रायम्फचा मोठा कारखाना इथेच होता आणि १९५९ साली हेराल्ड आली ती याच गावातून. तुम्ही हात फिरवत म्हणायचात ना, ‘हिच्या अंगावरची रेघ बघ, हाताने काढलेली आहे’? ती रेघ काढणारा ट्यूरिनचा, जिओव्हानी मिकेलॉटी नावाचा.

परवाच्या रविवारी इथल्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळा होता. एका कोपऱ्यात निळी हेराल्ड उभी होती. तिचा मालक तुमच्याच वयाचा. त्याने दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या, दिवे-मडगार्डांसकट अख्खं बॉनेट पुढे कलतं केलं आणि सरळ पुढच्या टायरवर बसून काम सुरू केलं. नाना, तुम्ही अस्सेच बसायचात. मी कंदील धरून उभी असायची आणि तुम्ही मागाल तो पाना द्यायची. त्याच्या डब्यातही तेच इंची पाने होते. त्याने हात पुढे केला, तेव्हा मी न विचारता नऊ-सोळांशचा काढून दिला. तो बघतच राहिला.

मग गप्पा सुरू झाल्या. या गाडीची बॉडी तुकड्यातुकड्यांनी चेसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बोल्टने का आवळलेली आहे, ते मला पहिल्यांदा कळलं. स्टँडर्डला बॉडी बनवून देणारी कंपनी प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली होती. अख्खी बॉडी एका जागी करून घेणं जमेना, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी भाग बनवून चेसीवर जोडायचं ठरलं. बाकीच्या कंपन्या वेगळी चेसी सोडत चालल्या होत्या आणि ही मात्र तीवरच राहिली. पुढची चाकं इतकी वळतात की २५ फुटांत गाडी फिरते. आपल्या बोळात, जिथे रिक्षावालेही रिव्हर्स घेतात, तिथे तुम्ही एका दमात कशी वळवायचात त्याचं उत्तर हे.

खरी गोष्ट पुढेच आहे. मी त्याला मोबाइलवर आपल्या गाडीचा फोटो दाखवला, दादाच्या मुंजीचा, आजी उतरतेय तो. त्याने चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि म्हणाला, ‘हिला चार दारं आहेत!’ आजूबाजूचे आणखी चार-पाच जण गोळा झाले. इथे हेराल्ड पाच लाखांहून जास्त बनल्या. दोन दारांच्या, टपाच्या, बिनटपाच्या, मागे सामान ठेवायच्या. पण चार दारांची इंग्लंडने एकही विकली नाही. ती मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने आपल्यासाठी केली, कारण आपल्याकडे मागच्या सीटवर आजी असते, नऊवारीत, आणि पुढची सीट वाकवून तिने बाहेर पडायचं कसं? १९६८ची मार्क थ्री, म्हणजे आपली गाडी, निव्वळ हिंदुस्थानातली आहे. इथे १९६१ सालीच ११४७ सीसीचं इंजिन आलं, आपल्याकडे ९४८चंच राहिलं. आंबा घाटात ती दमायची त्यात तिचा दोष नव्हता.

आणखी एक ऐका. इंग्लंडात स्टँडर्ड हे नाव १९६३ साली बंद झालं. ज्या गावात १९०३ साली ही कंपनी सुरू झाली तिथे नाव गेलं आणि मद्रासला पंचवीसेक वर्षं चालू राहिलं. ती माणसं माझ्याकडे मोठ्या आदराने बघत होती. मला वाटलं, हा आदर तुमच्या वाट्याचा आहे.

त्याच मैदानावर रिलायंट किटन नावाची एक छोटी इंग्लिश गाडी होती. तिच्यावरूनच बंगळुरूच्या सिपानींनी डॉल्फिन काढली. आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांची पिवळी, फायबरच्या बॉडीची डॉल्फिन आठवते? मी पाच मिनिटं तिच्याभोवती फिरले. आणि इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची ‘मीरा’ आठवली. आपल्या शेजारच्या गावात एका माणसाने स्वतःच्या हिमतीवर छोटी मोटार बनवली आणि ती बाजारात आलीच नाही, हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा. मी मीरा पाहिलेली नाही. ती माझ्यापर्यंत आली ती तुमच्या तोंडून. हेराल्ड तर अजून आपल्या दारात उभी आहे, ती चिन्मयीला नुसती ऐकायला का लागावी?

कागदांची काळजी करू नका. २०२१ साली केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केलेत. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, आणि आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. रोज मार्केटला नेता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. चेसी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल चालत नाही. गॅरेजवाले डिझेल इंजिन बसवा म्हणून वर्षभर मागे लागले होते आणि तुम्ही ऐकलं नाहीत. किती बरं केलंत!

आता कामं. आरसी बुक आईच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली होतं, ते काढून ठेवा. बॉनेटखाली पत्र्यावरच्या पट्टीवर नंबर आहे, चिन्मयीला त्याचा फोटो काढायला सांगा. त्या निळ्या हेराल्डवाल्या गृहस्थाला मागच्या दाराची मापं हवी आहेत: उंची, रुंदी, आणि दोन दारांमधला खांब खाली चेसीला कसा आवळलाय ते. टेप दादाला धरू दे, तुम्ही फक्त सांगा. खाली वाकू नका, आणि जॅक तर एकट्याने लावूच नका. ताडपत्री फाटली असेल तर नवी घ्या, पैसे मी पाठवते. सीटखाली उंदरांनी घर केलंय का तेही बघा, वायरी कुरतडल्या तर अवघड होईल.

पडवीचं म्हणाल तर दादाला सांगा, दिवाळीत मी येतेय. गाडी कुठे हलवायची ते तेव्हा बसून ठरवू, आणि भाड्याने शेड घ्यायची झाली तर भाडं माझं. इथून रबरी पॅकिंगं आणि ब्रेकचे वॉशर आणते. त्या गृहस्थाने दुकान सांगितलंय.

आईला नमस्कार. चिन्मयीला गोड पापा. मापं रविवारपर्यंत कळवा, तो मला पुन्हा भेटणार आहे.

तुमची,
सुमी