‘नव्याण्णव टक्के’ कुणाचे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गर्भनिरोधकांवरील आपल्या पुरवणीतला लेख वाचला. माहिती मुद्देसूद आहे, पण सोबतच्या तक्त्यात गोळ्यांपुढे ‘99 टक्के खात्रीशीर’ एवढंच छापलंय आणि खाली ‘अपयश आल्यास बहुधा वापरणारीचा निष्काळजीपणा’ अशी पुस्ती जोडली आहे. प्रसूतिशास्त्र शिकवण्यात आणि या साधनांवरच्या संशोधनात माझी पस्तीस वर्षं गेली, म्हणून त्या पुस्तीबद्दल लिहिते आहे.

मी नवी अधिव्याख्याता होते तेव्हा विभागात तांबीचा अभ्यास चालू होता. माझ्याकडे काम होतं रजिस्टरचं. तांबी बसवली ती तारीख, तिसऱ्या महिन्याची तपासणी, सहाव्या, बाराव्या. वर्ष संपता संपता तीसेक नावांपुढे मीच लाल शाईने लिहिलं होतं, ‘आली नाही’. दिवस गेलेल्या फार थोड्या होत्या, त्यामुळे निबंध लिहायला मी उतावीळ झाले होते. आमच्या सरांनी रजिस्टर चाळलं आणि एवढंच विचारलं, “या कुठे गेल्या?” मी म्हटलं, बदली झाली असेल, गाव सोडलं असेल. “असेल?” म्हणाले, आणि रजिस्टर परत केलं.

मग विभागातल्या सिस्टर आणि मी पत्ते शोधत निघालो. बऱ्याच जणी दिलेल्या पत्त्यावरच होत्या. काहींनी दुसरीकडे जाऊन तांबी काढून घेतली होती. एकीला तीन महिने अंगावरून इतकं जात होतं की घराबाहेर पडायची सोय नव्हती. आमच्याकडे का आली नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, “तुम्ही रागावला असता. बसवताना म्हणाला होतात, काही होत नाही.” बसवताना मीच होते. वाक्य माझंच होतं.

तक्ते पुन्हा मांडले. वर्षाअखेर तांबी टिकलेल्यांचं प्रमाण खाली आलं, निबंध लांबला. तेव्हा मी चिडले होते, हे कबूल करते.

आता आकड्याकडे. रेमंड पर्ल या जीवशास्त्रज्ञाने 1933 साली एक सोपं गणित दिलं: जितक्या जणींना दिवस गेले त्या संख्येला 1200 ने गुणा आणि सगळ्यांनी मिळून साधन वापरलेल्या महिन्यांनी भागा. शंभर जणींनी वर्षभर वापरलं तरी 1200 महिने भरतात आणि बाराशे जणींनी एकेक महिना वापरलं तरी 1200 च. दुसऱ्या गटाला पाळी चुकल्याचं कळायलासुद्धा पुरता वेळ मिळालेला नसतो! उलट अभ्यास खूप लांबवला, तर ज्यांना दिवस जायचे त्या आधीच बाहेर पडतात, चिवट तेवढ्या उरतात आणि आकडा आपोआप सुधारतो. म्हणून ख्रिस्तोफर टिट्झ यांच्यासारख्यांनी विमावाल्यांचा जीवनसारणीचा मार्ग इथे आणला. त्यात प्रत्येक महिन्याचा हिशेब वेगळा असतो: किती उरल्या, किती गेल्या, का गेल्या.

हा हिशेब चुकला की काय होतं, याचं उदाहरण म्हणजे डाल्कन शील्ड. ह्यू डेव्हिस हे जॉन्स हॉपकिन्समधले स्त्रीरोगतज्ज्ञ (पर्लही तिथलेच). 1970 साली त्यांनी या गर्भाशयात बसवायच्या साधनावर निबंध छापला. 640 स्त्रिया, अपयश 1.1 टक्के. सरासरी पाठपुरावा मात्र जेमतेम साडेपाच महिन्यांचा, आणि साधनाच्या नफ्यात आपला वाटा आहे हे त्यांनी वाचकांना सांगितलंच नाही. त्याचा दोरा अनेक तंतूंचा होता. वातीसारखा तो जंतू वर ओढत असे. गर्भाशयाचे गंभीर संसर्ग झाले, काही स्त्रिया दगावल्या, 1974 साली अमेरिकेत विक्री थांबली. लाखो स्त्रियांनी भरपाई मागितली.

गोळीची कथाही फार वेगळी नाही. 1956 मध्ये प्वेर्तो रिकोत चाचण्या सुरू झाल्या. तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवलं, की 17 टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते आहे आणि हे त्रास सर्वसाधारण वापरासाठी फार आहेत. वरच्या मंडळींनी ते बरंचसं मनाचे खेळ म्हणून बाजूला सारलं. त्या पहिल्या गोळीतली संप्रेरकं आजच्या गोळीच्या कितीतरी पट होती.

आपल्या तक्त्यातले 99 टक्के हे एकही गोळी न चुकवणाऱ्या स्त्रीचे आहेत. अमेरिकेतल्या पाहण्यांनुसार प्रत्यक्ष वापरात वर्षभरात शंभरातल्या सुमारे सात जणींना दिवस जातात. तांबीत हा फरक नगण्य आहे, कारण तिथे रोज आठवण ठेवायचं काही नसतं. म्हणजे ज्याला आपण निष्काळजीपणा म्हणता, तो बराचसा साधनाचाच गुण आहे. रात्रपाळी करणारी, तान्ह्या मुलामागे जागणारी स्त्री गोळी विसरते, हे संशोधकांना ठाऊक असतं. म्हणूनच ते दोन वेगळे आकडे देतात.

पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा दोन रकाने वाढवावेत: वर्षाअखेर किती जणी ते साधन वापरत होत्या, आणि किती जणींचा ठावठिकाणा लागला नाही. दुसरा आकडा जाहिरातीत मिळणार नाही. तो मूळ निबंधात, बहुधा पहिल्याच आकृतीत, एका बाजूच्या लहानशा चौकटीत असतो.

आपली,
प्रसूती व स्त्रीरोगशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका